पंप का तापतो

लोणी भापकरची रेश्मा बारामतीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. दहावीपर्यंत ती मराठीत शिकलेली, बारावी पाठांतरावर निभावलेली. इथं मात्र भौतिकशास्त्राचा तास सगळा इंग्रजीत.

त्या दिवशी भोईटे सरांनी तिला उभं केलं. सायकलला हवा भरताना पंप का तापतो? रेश्माला ठाऊक होतं, पण इंग्रजी शब्द सुचेनात. मागं कुणीतरी हसलं. सर खालीही बसू देईनात.

"सर, मराठीत सांगू का?"

"पेपर मराठीत लिहिणार आहेस का?"

तरी ती बोललीच. "दट्ट्या दाबतो म्हंजे आपण हवेवर काम करतो, सर. त्यानं हवा तापते. ती उष्णता बाहेर पडायच्या आत आपण पुन्हा दाबतो, म्हणून नळीबी तापते."



"अगदी बरोबर," सर म्हणाले. "आता हेच इंग्रजीत लिहून दे."

तास संपला. पुढच्या तासाची मुलं दारात येऊन थांबली, तरी रेश्माचं पहिलंच वाक्य पुरं होईना. उत्तर येत असूनही आपण नापास होणार, हे तिला तिथंच बाकावर कळून चुकलं.