मोजणीत पैकीच्या पैकी

थोरलीला धाकट्या जावेचं काही म्हणजे काही बघवत नसे. घरात होतंच, पण नशीब बघा, दोघी नर्स झाल्या आणि लहान मुलांच्या एकाच हॉस्पिटलात समोरासमोरच्या वॉर्डांच्या इन्चार्जही झाल्या. मधे एक काचेचं दार. त्यातून धाकटीचं कौतुक होताना दिसलं की हिच्या पोटात दुखायचं.

त्यात मोजणी आली. कुठल्या वॉर्डात काम किती आणि त्याला नर्स किती लागतील, हे बघायला एक बाई आठवडाभर नर्सच्या मागे फिरणार होती. दोन्ही वॉर्डांत मिळून कायमची जागा एकच मिळायची होती. थोरलीकडे एक कंत्राटी पोरगी होती, तिला सगळे चिमणी म्हणत. कितीही रडकं मूल असो, चिमणीच्या कडेवर गेलं की गप्प. काहीही करून हिला कायम करून घ्यायची, असं थोरलीनं मनाशी ठरवलं होतं.

"ताई, रोज करतो तसंच करायचंय म्हणे," धाकटीनं आपण होऊन सांगितलं.

म्हणजे तुझ्यासारखं गबाळं? थोरली मनात म्हणाली. तुला दाखवतेच.

मोजणीवाली यायच्या आधीच थोरली येऊन अर्धी कामं उरकून ठेवायची. चिमणी एका पोराला सुई टोचण्याआधी बाहुलीला टोचून दाखवत बसली, तशी ही कडाडली, "खेळ पुरे. दोघींनी धरा आणि टोचा." पोर किंचाळलं, पण काम झटक्यात झालं. काचेपलीकडे धाकटी एका मुलीला घोटघोट औषध पाजत निवांत बसली होती. थोरलीला आतून गुदगुल्या झाल्या.

शेवटच्या दिवशी मोजणीवाली म्हणाली, "इतका चटपटीत वॉर्ड मी पाहिला नाही."

"मग चिमणीची जागा?"

"ती समोर जाईल, चिमणीसकट. मुलांना समजावण्यात, भरवण्यात त्यांचा अर्धा दिवस जातो. तेही कामच ना. तुमच्याकडे तर वेळ उरतो."

घ्या, हात दाखवून अवलक्षण! बाई गरज मोजत होती आणि ही हुशारी दाखवत बसली होती.

थोरलीचा चेहरा बघून बाई म्हणाली, "माणूस कमी पडत असेल तर तसं सांगा. मी पुन्हा मोजते."

एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण दारात धाकटी उभी होती. तिच्यादेखत हात पसरायचे?

"छे, आमचं भागतं," थोरली म्हणाली.

चिमणी गेली. दुसऱ्या दिवशी ते पोर काचेला नाक लावून तिला हाका मारत होतं. पलीकडे चिमणी कुणाला तरी भरवत होती. थोरली सुई घेऊन आली, खाली बसली, आणि जमेल तेवढ्या गोडीनं म्हणाली, "दे बघू हात."

पोरानं दोन्ही हात पाठीमागे लपवले.