खंडेनवमीचं तेल

टप्.

दुपारच्या सामसुमीत हा आवाज झाला आणि निकिता उठून स्वयंपाकघरातला नळ घट्ट करून आली. तिच्या लेकीचा, आरोहीचा, नुकता डोळा लागला होता. थोड्या वेळाने पुन्हा टप्. नळ तर कोरडा होता.

मित्रांनो, तो थेंब माझा होता. मखमलाबादच्या या घरापुढे पोर्चमध्ये जी जुनी डिझेल गाडी उभी असते ना, तिच्या बॉनेटखाली राहणारा पॉवर स्टिअरिंगचा पंप मी. आकाराने नारळाएवढाही नाही. पण चालवणाऱ्याने चाक फिरवलं की तेल दाबून पुढे ढकलायचं आणि त्याच्या हातांना जोर द्यायचा, हे माझं काम. मी धड असलो की एवढी अवजड गाडी दोन बोटांनी वळते.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. पहिल्या दिवशी मला पाजलेलं तेल लाल होतं, पातळ, सरबतासारखं. त्या तेलावर मी अकरा वर्षं इमानाने काम केलं. वणीच्या गडाची वळणं घेतली, रविवार कारंजावरच्या गर्दीतून वाट काढली. निकिताचा नवरा महेश मित्रांना सांगायचा, "स्टिअरिंग म्हणजे लोणी आहे, लोणी!" कौतुक गाडीचं व्हायचं. माझं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, पण माझी तक्रार नव्हती.

पुढचं सांगताना मात्र मला अजून मळमळतं.

गेल्या खंडेनवमीला आरोहीचे आजोबा, सहादूनाना, पहाटेच उठले. त्यांची द्राक्षबाग आहे. त्या दिवशी ट्रॅक्टर, फवारणीचा ब्लोअर, मोटार, सगळं धुऊन-पुसून पूजेला मांडायचं आणि कुठलंही यंत्र तहानलेलं ठेवायचं नाही, असा त्यांचा नेम. शेडमध्ये तेलाचा एकच पिवळा डबा असतो. ट्रॅक्टरमधून काढलेलं जुनं तेल, तळाशी काळा गाळ. नानांनी गाडीचं बॉनेट उघडलं. माझ्या तेलाची छोटी बाटली बोटभर रिकामी दिसली.

"नाना, हिचं तेल वेगळं असतं म्हणे," निकिता दारातून म्हणाली.

"तेल ते तेल! ट्रॅक्टरला चालतं, ब्लोअरला चालतं, हिला काय केशर घालून पाहिजे? घे गं बाई, तूही पी."

आणि नानांनी बाटली काठोकाठ भरली. वर हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले. इतक्या मायेने कुणी कुणाला इतकं घाण पाजलं नसेल. शी! ते जाड, जळकं, बुळबुळीत तेल माझ्या पोटात गेलं आणि आंबलेल्या ताकासारखा फेस झाला. माझी रबराची सिलं फुगली, मग चिरली. चाक वळवलं की मी कण्हायला लागलो. कुंईंईं!

महेशने काय केलं? इंजिनवरून मला फिरवणारा पट्टा ओरडतोय असं ठरवून त्याच्यावर कपड्यांचा साबण घासला. एक दिवस बरं वाटलं. मग साबणाचा चिकट लगदा आणि माझं गळकं तेल एकत्र होऊन जो राडा झाला, तो आठवला तरी शिसारी येते. आवाज परत आला तेव्हा त्याने रेडिओ मोठा केला. मला सर्वांत किळस आली ती याची.

महेश रविवारीच गाडी काढायचा, तीही हायवेला. वेगात चाक जड लागत नाही. जड लागतं ते शाळेच्या फाटकाशी, पोर्चमध्ये, सावकाश वळताना. तिथे रोज असायची निकिता. ती नाशकात शाळेत शिकवते, आरोहीलाही त्याच शाळेत नेते. ती म्हणायची, "चाक जड झालंय हो." आणि घर हसायचं.

जानेवारीतल्या एका गार सकाळी तिने जीव खाऊन चाक वळवलं, ते अर्ध्यावरच अडलं आणि गाडी पोर्चच्या खांबाला घासली.

"झालं! किल्ली दे इकडे," महेश म्हणाला. "सोमवारपासून रिक्षा लाव. तुझ्या मनगटात जोरच नाही."

त्या दुपारी निकिता कपाटातली जादा किल्ली घेऊन बंद गाडीत बसून चाक फिरवायचा सराव करत होती. दात-ओठ खाऊन. अगं, इंजिन बंद असताना माझं काम चालतच नाही, चाक जड लागणारच! पण मला बोलता कुठे येतं? तिने आपल्या मनगटांकडे पाहिलं. तिलाही ते खरं वाटू लागलं होतं.

नेमकी दुसऱ्या दुपारी, नळ कोरडा पाहून, ती त्या थेंबामागे पोर्चमध्ये आली. द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा तिने गाडीखाली सरकवला. तासाभराने काढला, तर माझ्या बरोबर खाली काळा डाग. तिने वास घेतला आणि नाक मुरडलं. हा वास तिच्या ओळखीचा होता, शेडमधला. तिने काळू मिस्त्रीला फोन केला.

रविवारी काळू मिस्त्री आला. बाटली उघडून त्याने बोट बुडवलं आणि तोंड कडू केलं.

"अरारारा! ताई, हे काय पाजलंय? पार फेस हाय नुसता. पंप लय सोसतोय बिचारा."

मग त्याने गाडी सुरू केली. "महेशभाऊ, तुम्ही बसा. जागेवरच वळवा."

महेश बसला. मी कण्हलो. त्याच्या मानेवरची शीर फुगली. "अरे, एवढं जड?"

"ताई रोज वळवत्यात एवढं," मिस्त्री म्हणाला. "गडाच्या वळणावर पंप अडकून पट्टा तुटला असता तर?"

नानांनी टोपी काढून पुन्हा घातली. "पूजेचं तेल होतं रे ते," एवढंच ते म्हणाले.

दोन दिवस मी मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये होतो. सगळी घाण उपसली, दोनदा आतून धुतलं, नवी सिलं बसवली, पट्टा बदलला. मग लाल, पातळ तेल आलं. मित्रांनो, पोटात गार वाटलं!

माझं तुम्हांला एवढंच मागणं आहे. ज्याचं तेल त्यालाच द्या. यंत्र कण्हायला लागलं तर रेडिओ मोठा करू नका. आणि कुणी 'जड लागतंय' म्हणालं, तर त्याची मनगटं तपासण्याआधी एकदा स्वतः चाक फिरवून बघा.

बुधवारी सकाळी महेशने निकिताच्या हातात किल्ली ठेवली. "घे. आता तरी खांबाला सोड," म्हणत तो हसला. नानाही हसले. निकिताने गाडी फाटकातून अलगद वळवली. मी हूं की चूं केलं नाही.

मागच्या सीटवरून आरोहीने पुढे वाकून विचारलं, "आई, तेल तर आजोबांनी ओतलं होतं ना? मग त्यांच्या ट्रॅक्टरची किल्ली कुणीच का नाही काढून घेतली?"