‘साहेब रजेवर’च्या लेखिकेस पत्र

विनोदी मालिका ही समाजाच्या विवेकबुद्धीची राखणदार असते, असं शरच्चंद्र टाकळकरांचं ठाम मत होतं. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे पलंगावर पडून राहावं लागलं आणि रिमोट हाताशी आला, तेव्हापासून ते ठाम झालं होतं.

मालिका एकच: ‘साहेब रजेवर’. तीस वर्षांपूर्वी अर्धी गल्ली त्यांच्या नांदुऱ्याच्या घरात सतरंजीवर बसून ती पाहायची. आता ती फुकटात सबंध मिळत होती. तेव्हा शरच्चंद्र हिरोला हसायचे. आता दुसऱ्या फेरीत भलतंच दिसू लागलं. सातव्या भागात हिरो कपाट उघडतो आणि त्याच्या डोक्यात छत्री पडते. पण ती छत्री पाचव्या भागातच हिरोच्या कचेरीतले बडे बाबू मुकाट्यानं कपाटात ठेवून गेलेले असतात. कॅमेरासुद्धा त्यांच्याकडे धड बघत नाही.

“आता काऊन हसून राह्यले?” त्यांच्या पत्नी शरयूताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “हे तर परवाच पाह्यलं ना तुम्ही!”

“परवा हिरोले हसलो. आज लिहिणारीले हसून राह्यलो.”

“तिले कोनं पाह्यलं?”

“तेच तर म्हणतो मी.”

भागाच्या शेवटी नावं सरसर वर जात. शरच्चंद्रांनी ती थांबवून वाचलं. लेखन: निशिगंधा सोनटक्के. त्यांनी स्वतः चौतीस वर्षं सरकारी कचेरीत मसुदे लिहिले होते; साहेबांनी करायची निरोपाची भाषणंसुद्धा. लोकांचे डोळे पाणावत, हार साहेबांच्या गळ्यात पडत. छत्री कुणाच्या तरी लक्षात आली, एवढं त्या बाईला कळलंच पाहिजे, असं त्यांना वाटलं. आणि हे वाटणं गुडघ्यापेक्षा जास्त ठणकू लागलं.

चार मसुदे झाले. पाचवा त्यांनी मालिका काढणाऱ्या कंपनीच्या पत्त्यावर, लेखिकेच्या नावानं पाठवला. विषय: सातव्या भागातील छत्रीबाबत.

“हरवली का तिची?” शरयूताईंनी विचारलं.

महिना गेला. पोस्टमनच्या वेळेला शरच्चंद्र काठी टेकत फाटकापर्यंत जाऊ लागले. डॉक्टरांनी या व्यायामाचं कौतुक केलं. पत्र मात्र आलं नाही.

“लई मोठी झाली असंल ती,” ते एक दिवस म्हणाले. “आपल्यासारख्याले काय उत्तर देते!”

“दाखवा बरं, काय लिह्यलं होतं?”

कचेरीच्या शिरस्त्याप्रमाणे स्थळप्रत, म्हणजे पत्राची नक्कल, अर्थातच ठेवलेली होती. शरयूताईंनी ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली.

“पत्र झकास आहे. पण लिह्यलं कोनं?”

‘आपला विश्वासू’च्या खाली चार ओळी जागा मोकळी होती. नाव नाही, पत्ता नाही. साहेबांच्या सहीची जागा सोडून शरच्चंद्रांचा हात सवयीनं थांबला होता.

“दुसरं पाठवतो,” ते म्हणाले.

या वेळी त्यांनी कोपऱ्यात नुसती आद्याक्षरं टाकली. शरयूताईंनी समोर बसून पूर्ण नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर लिहवून घेतला.

दहा दिवसांत जाड पाकीट आलं. शरच्चंद्रांनी ते कात्रीनं, कडा न दुखावता उघडलं. आत हिरोचा रंगीत फोटो होता, सहीसकट.