हात लावू नये अशी ओळ

मित्रांनो, तुमचा विश्वास बसायचा नाही, पण भंगाराचा टेम्पो मी एकट्याने रिकामा परत पाठवलाय.

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. आज तुमच्या शाळेत असलो, तरी उमेदीची वर्षं तळा गावच्या भातगिरणीत काढली. काट्यावर पोतं आलं की वजन वाचायचं, पावती काढायची. दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळे. शेतकरी म्हणत, "ह्यो खोटं बोलत न्हाय."

मग गिरणीत नवा काटा आला आणि माझे दिवस फिरले. त्याच्यावर आकडा लगेच दिसे, मी मात्र दर पोत्याला थबके, पानाला चुना लावून होईल इतका वेळ. आधीही थबकायचोच, पण तेव्हा काटाच डुलत बसे, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. आता दारात रांग लागली. मालक कुलदीपशेठ ओरडले, "म्हातारा झाला हा! भंगारात काढा."

प्रोग्राम सांभाळणारी क्रांती माणगावहून आली. तिने आत डोकावून पाहिलं.

"शेठ, हा दमलेला नाही. प्रोग्राममध्येच याला थांबवणारी ओळ आहे. काढू या."

"खुळ्या काय, मॅडम? सीतारामकाकांनी प्रोग्राम लिहिला तवाच बजावलंय, त्या ओळीला हात लावायचा न्हाय. वजनं चुकतील."

"तेव्हाचा काटा डुलायचा, शेठ. नव्याचं बघू तरी."

तिने तीच पोती दोनदा तोलली. एकदा ओळ ठेवून, एकदा काढून. आकडे तेच! तरी शेठ म्हणाले, "मग काका काय येडे होते?" बाहेर टेम्पो येऊन उभा राहिला. क्रांतीने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मग मात्र मला राहवेना. टेबलावरून उडी मारली ती थेट काट्यावर! माझं वजन ओळ ठेवून घेतलं, ओळ काढून घेतलं. पडद्यावर दोन्ही वेळा तोच आकडा! शेठनी हात जोडले, टेम्पो रिकामा गेला, रांग सरसर सरकली. क्रांतीने माझ्यावरचा कोंडा ओढणीने पुसला.

म्हणून सांगतो बाळांनो, काकांचा मान ठेवा, पण त्यांचा शब्दही अधूनमधून तोलून बघा. आणि माझ्यासारख्या जुन्याला टाकण्याआधी तो खरंच दमलाय का, एवढं तरी...

"ए थापाड्या!" पुढच्या बाकावरची आरोही उठली. "काट्यावर उडी मारलीस, तर तुझी वायर निघाली न्हाय? मग आकडा दाखवला कुणी?"