कुंपणावरचा पांढरा मणी

मित्रांनो, मी चिनी मातीचा, लिंबाएवढा एक जुना मणी आहे. विजेची तार जागेवर धरायची, वीज मात्र पलीकडे जाऊ द्यायची नाही, एवढ्यासाठी मला भट्टीत भाजून घडवलं.

माझी उमेदीची वर्षं एका मोठ्या दवाखान्यात गेली, कॅन्सरच्या रोग्यांना किरण देणाऱ्या यंत्राच्या पोटात. ते किरण माझ्यातूनही जात. दरवेळी माझ्या आतले काही बारीक कण जागचे हलत. हळूहळू त्या मोकळ्या जागांतून वीज झिरपू लागली. बाहेरून मी होतो तसाच चकचकीत. यंत्र दुरुस्त करणाऱ्या धम्मरत्नने मीटर लावला, तेव्हा कळलं. त्याने मला काढलं, माझ्यात किरणांचा अंश उरला नसल्याची खात्री केली आणि आठवण म्हणून केनवडला, आपल्या गावी, आईकडे ठेवलं. खिडकीजवळच्या फळीवर मी अकरा वर्षं बसून होतो. कोणी हातात घेतलं नाही.

यंदा धम्मरत्नचे वडील माणिकराव हरभऱ्याभोवती झटका मशीनची तार ओढत होते. तारेला अंग लागलं की रानडुक्कर माघारी पळतं. शेवटच्या खांबाला मणी कमी पडला.

"अवो, पोरानं जपून ठेवला तो. कायले नेता?" त्याची आई अंजनाबाई म्हणाल्या.

"फळीवर बसून काय करून राह्यला? एक तडा नाही त्याले."

कंबरेला पुन्हा तार आली आणि मला भरून आलं. पण वीज माझ्यातून लोखंडी खांबात, खांबातून मातीत उतरू लागली. मला सांगता येईना. सकाळी हरभऱ्याच्या चार ओळी उकरलेल्या होत्या. माणिकरावांनी बॅटरी बदलली. दुसऱ्या दिवशी आणखी सहा ओळी गेल्या.

"असंच चाललं तं घाटे धरायच्या आत वावर साफ होते," ते म्हणाले.

अंजनाबाईंनी गवताची ओली काडी तारेला लावली. झटका नावालाच होता. मग मशीन बंद करून एका खांबावरची तार सोडवायची, मशीन चालू करून काडी लावायची, असं त्या खांबामागून खांब करत आल्या. माझ्यावरची तार सोडवून काडी लावली, तेव्हा झटका पुन्हा जोरात आला आणि त्यांचा हात झिणझिणला.

"वरून शाबूत हाये. आतून दमला."

"मंग सांगितलं काहून नाही यानं?"

"तुमी तरी कंबर दुखते म्हून कवा सांगता?"

माणिकरावांनी माझ्या जागी प्लास्टिकच्या नळीचा तुकडा बांधला. हरभरा वाचला. त्या घाईत मी बांधावरच राहिलो. रोज ते दोघं माझ्याजवळून जातात.

मित्रांनो, फार सोसलेल्याला पुन्हा कामाला लावण्याआधी एकदा तपासून पाहा, नुसत्या रंगावर जाऊ नका. आणि तो नापास झाला, तर निदान घरी न्यायला विसरू नका.