गादीवरचं प्लास्टिक

जाऊबाईंना तळेगावच्या, आजारी माणसं सांभाळणाऱ्या सेंटरला ठेवून वीस दिवस झाले, तेव्हा मी तपासणीला गेले. भेटीला नव्हे, तपासणीला. गाडीतच सुनेला, सायलीला, सांगून ठेवलं, "तू फळं दे, गोड बोल. बाकीचं मी बघते."

मी चौथी शिकलेली. पण घर, गोठा आणि बारा माणसांचा स्वयंपाक चाळीस वर्षं ओढलाय. चाकणच्या आमच्या जमिनीवर आता कंपन्यांच्या शेड उभ्या आहेत, गोठा कधीच गेला, नजर मात्र गेली नाही. कुठं काम होतंय आणि कुठं नुसतं दाखवलं जातंय, हे मला उंबऱ्यातून कळतं, असं मी समजत होते.

खरं कारण वेगळं होतं. सोजरबाई म्हणजे माझी थोरली जाऊ, चौऱ्याहत्तर वर्षांची. अर्धांगवायूनं डावं अंग गेलं, वाचा गेली. चार महिने घरी सांभाळलं. मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, सायलीची नोकरी, म्हणून सेंटरला ठेवलं. गावात बायका म्हणायला लागल्या, गोजाबाईनं जावेला टाकलं. मला दाखवून द्यायचं होतं, की आम्ही ठेवलं तसं कुणी ठेवत नाही.

सेंटर म्हणजे भाड्यानं घेतलेला दुमजली बंगला, बारा खाटा. चालवतात साधना मॅडम, पूर्वी मोठ्या दवाखान्यात हेड नर्स होत्या. त्यांनी खुर्ची दिली, मी बसले नाही. उशी उचलून वास घेतला. पाण्याच्या भांड्याच्या तळाला बोट फिरवून बुळबुळ बघितली. गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, तरी खाटेखाली वाकले. जाऊबाईंची नखं बघितली, कानामागं बघितलं, डोक्याला तेल आहे का बघितलं. काही सापडेना, तशी मी जास्तच चिडत गेले.

शेजारच्या खाटेवरच्या आजींचे नवरे, नानासाहेब, पेपर वाचत बसले होते. रोज सकाळी येऊन बायकोला स्वतः नाश्ता भरवायचे. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "वहिनी, म्हैस घ्यायला आल्यासारखं काय बघताय?"

"म्हशीला तरी माणूस नीट बघून घेतो, नाना."

आणि तेवढ्यात मला गादी दिसली. आमची गादी. जाऊबाई आजारी पडल्या तेव्हा रणजीतनं, माझ्या मुलानं, चिंचवडहून आणलेली, दुकानातली सगळ्यात चांगली. ती मी दुकानातल्या प्लास्टिकसकट बरोबर पाठवली होती. तिच्यावर आता फुग्याफुग्यांची हवेची चादर टाकली होती, आणि प्लास्टिक गायब.

"हिच्यावरचं प्लास्टिक कुणी फाडलं?"

"मी फाडलं, आजी." काळजी घ्यायला ठेवलेली मुलगी पुढं आली. अंजली तिचं नाव. बावीस-तेवीसची असेल, बारीक अंगाची.

"विचारलंस कुणाला? चार महिने मी त्या गादीवर डाग पडू दिला न्हाई."

"गादी चांगलीच होती, आजी."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मला तो लागला. मी म्हटलं, "जाऊबाईंना कुशीवर कर. मला पाठ बघायची हाय."

तिनं मॅडमकडं बघितलं, मग जाऊबाईंना हळूच कुशीवर वळवलं आणि पट्टी सोडली. माकडहाडावर माझ्या तळहाताएवढी जखम होती. आत लाल मांस दिसत होतं. सायलीनं तोंड फिरवलं.

मला काय झालं ते सांगते. वाईट वाटायच्या आधी मला बरं वाटलं. सापडलं, असं वाटलं.

मग मी जे बोलले ते बाराही खाटांना ऐकू गेलं असेल. माणूस ठेवायला दिलं होतं का कुजवायला, विचारलं. अंजलीला म्हटलं, तुझी आई अशी पडली असती तर तू अशीच मोबाईल बघत बसली असतीस का. तिच्या हातात मोबाईल नव्हता. तिची आई तिच्या लहानपणीच गेली, हे मला नंतर कळलं.

दाराजवळ नातेवाइकांच्या अभिप्रायाची वही असते. नवीन पेशंट ठेवायला येणारे ती चाळून बघतात. मी सायलीला लिहायला बसवलं आणि मोठ्यानं सांगितलं, "लिही. पेशंटच्या कमरेला मोठी जखम. काळजी घेत न्हाईत. अंजली नावाच्या मुलीचा हलगर्जीपणा." खाली मी सही केली. आमच्या पिढीतल्या बायका अंगठा लावतात, मी सही करते. पहिल्यापासून त्याचा मला तोरा.

"आजी, एकदा फाईल बघू या," मॅडम म्हणाल्या.

"फाईल कशाला? डोळे हायत मला. बंगल्याचा मालक रणजीतचा दोस्त हाय, ठाऊक हाय न्हवं? ही पोरगी उद्या इथं दिसली, तर रणजीत त्याच्याशी बोलंल."

मॅडमनी कपाटाकडं नेलेला हात मागं घेतला. बारा माणसं घेऊन जाणार कुठं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्या अंजलीला म्हणाल्या, "तू खाली जाऊन बस. नंतर बोलू."

"जाते मॅडम. फक्त आजींना कागद दाखवून जाते."

तिनं कपाटातून फाईल काढली आणि माझ्यापुढं पहिलं पान धरलं. मजकूर इंग्रजी होता. पण वर माणसाच्या पाठीचं चित्र होतं, नुसती बाह्यरेषा, आणि कमरेच्या खाली लाल पेननं गोल केलेला. आत काळं भरलेलं. शेजारी तारीख. आकडे मला येतात. जाऊबाईंना दाखल केलं त्या दिवसाची तारीख होती.

"पेशंट आला की आम्ही आधी सगळं अंग बघतो, आजी. येताना काय काय होतं ते काढून ठेवतो. त्या दिवशी कातडी काळी पडली होती. आतून सडलेली होती. प्लास्टिकवर घामात एकाच जागी पडून राहिलं की असं होतं. डॉक्टरांनी ती काढली, म्हणून आता मोठी दिसते. लाल आहे म्हणजे भरतेय." तिनं पुढची दोन पानं उलटली. दोन चित्रं, दुसऱ्यातला गोल पहिल्यापेक्षा लहान.

"हे तुमी मागनं बी काढलं असंल," मी म्हटलं.

तिनं परत पहिलं पान काढलं आणि खाली बोट ठेवलं. तिथं माझी सही होती. गोजाबाई. 'बा'चा काना मी नेहमी लांब ओढते, तसाच ओढलेला.

मला तो दिवस आठवला. हिनंच मला आत बोलावलं होतं, आजी, एकदा पाठ बघून घ्या. मी दारात एसीच्या खोलीवरून मॅडमशी वाद घालत होते. म्हटलं, कुठं सही करू तेवढं सांग. आणि ऐटीत केली.

आता त्या काळ्या गोलाकडं बघताना घरचं एकेक आठवायला लागलं. अंग पुसायला यायची ती अंबूबाई एकदा म्हणाली होती, थोरल्या बाईंची कंबर काळी पडलीया, ह्ये प्लास्टिक काढू का. मी म्हटलं, वय झालं, पडायचीच. पावडर लाव, प्लास्टिक राहू दे. आणि तो आवाज. जाऊबाईंचा उजवा हात चांगला आहे. त्या हातानं त्या दिवसभर गादीचं प्लास्टिक ओरबाडायच्या, चर्र चर्र चर्र. टीव्ही ऐकू येईना असा. मला वाटायचं, मुद्दाम करतात. मी म्हणायचे, बाई, फाडाल, नवी गादी आहे. एक दिवस मी तो हात टॉवेलात गुंडाळून बांधून ठेवला. वाचा गेलेल्या माणसाजवळ सांगायला तेवढा एक आवाज होता. तो मी बंद केला.

याच सोजरबाईंनी, मी पंधरा वर्षांची नवरी होऊन आले तेव्हा, माझं भाजलेलं मनगट पंधरा दिवस कुणाला कळू न देता धुतलं होतं.

सायली माझ्या कानाशी आली. "आई, ते वहीतलं पान काढून टाकते. कुणाला कळणार नाही. निघू या."

मला ते पटलं होतं. खोटं कशाला सांगू. मी पदर सावरला, पिशवीसुद्धा उचलली. नानासाहेबांनी पेपर तोंडापुढं धरला होता, पण पान उलटत नव्हते. अंजली पट्टी परत बांधत होती. जाऊबाईंचा उजवा हात चादरीवर फिरत होता, मागं पुढं, मागं पुढं, घरी फिरायचा तसाच. आवाज येत नव्हता.

मी पिशवी खाली ठेवली. "वही आण."

"मी लिहिते ना, तुम्ही सांगा."

"न्हाई. मीच लिहिते."

सहीपलीकडं मी कित्येक वर्षांत काही लिहिलं नव्हतं. खुर्ची घेतली, मघाशी नाकारलेली तीच. एक अक्षर काढायचं, थांबायचं, पुढचं आठवायचं. मॅडम उभ्या होत्या, सायली उभी होती, आणि मला घाम फुटला होता. लिहिलं ते एवढंच: जखम आमच्या घरची आहे. मी प्लास्टिक काढू दिलं नाही. अंजलीची चूक नाही. मग सगळं दोनदा वाचलं आणि मग सही केली.

नानासाहेबांनी वही मागून घेतली, वाचली आणि परत दिली. ते काहीतरी चिमटा काढतील म्हणून मी तयार होते. तो काढला असता तर बरं झालं असतं.

मॅडमना म्हटलं, "रणजीतला मी सांगते. ही पोरगी कुठं जाणार न्हाई." त्यांनी मान हलवली. मग अंजलीकडं वळले. तुझ्या आईवरून बोलले ते मागं घेते, एवढं म्हणायचं होतं. जिभेवर येईना. ही जीभ माझी, मघाशी केवढी चालत होती.

तीच म्हणाली, "आजी, आता कूस बदलायची आहे. दोन तासांनी बदलतो आम्ही. तिकडून धरता का? खांद्याखाली नाही, इथं, कमरेला हात लावा. ओढायचं नाही, उचलायचं."

तिनं दाखवलं तसं मी धरलं. जाऊबाई हलक्या झाल्या होत्या. वळवताना त्यांचं तोंड माझ्याकडं आलं. क्षणभर त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि डोळे मिटून घेतले.

"झोपल्या," सायली म्हणाली.

झोपल्या नव्हत्या. मला कळतं. मी हात तिथंच ठेवून उभी राहिले, अंजली सोडा म्हणेपर्यंत.