फुलं ठेवलेली पिकदाणी

मी एक पिकदाणी बोलतेय. नाक मुरडू नका. माझ्यात जे पडलं ते माणसांच्याच तोंडून पडलं.

जाड पितळेची मी, बारीक कंबरेची आणि पसरट तोंडाची. वर चांदीचं झाकण होतं. दुकानात चकचकत बसले होते तेव्हा वाटायचं, आपल्यात कुणी पाणी भरेल, नशीब चांगलं असेल तर दूधही. आबांनी मला विकत घेतलं, आरामखुर्चीशेजारी ठेवलं आणि बसता बसता पहिली पिचकारी मारली. संपली माझी स्वप्नं.

आबा शाळेचे मुख्याध्यापक होते. शाळेच्या आवारात कुणी थुंकलं तर छडीने त्याचे हात सुजवायचे. घरी मात्र गालात सतत तंबाखू. आजही त्यांची तसबीर दिवाणखान्याच्या भिंतीवर आहे आणि तिच्याखाली मोठ्या अक्षरांत ‘निर्मळ जीवन’ असं लिहिलंय. ते आठवलं की मला मळमळतं, आणि मी पिकदाणी आहे, मला सहसा मळमळत नाही.

मला रोज घासायची ती मागच्या खोलीत राहणारी कामवाली. विशीतली असेल. नाकाला फडकं बांधून ती मला राखेने लख्ख करायची आणि वर विचारायची, “काय गं बाई, आज किती गिळलंस?” त्या घरात माझी विचारपूस करणारी ती एकटीच.

एक दिवस आबांनी तिच्या दाराची आतली कडी दुरुस्तीला म्हणून काढून नेली. ती कडी परत आलीच नाही. पुढचं मी सांगत बसत नाही, तुम्ही जाणती माणसं आहात.

काही महिन्यांनी तिला सकाळच्या ओकाऱ्या सुरू झाल्या आणि घरातल्या बायकांना काय ते कळलं. एका सकाळी ती मला मागच्या पायरीवर वाळत ठेवून आत गेली होती. आबा आले. त्यांनी माझं झाकण उचललं, अंगणातल्या विहिरीत टाकलं, हात धुतले आणि मग घर डोक्यावर घेतलं. “चांदीचं झाकण कुठंय? चोर पोसलाय आपण घरात!”

तिला अंगावरच्या कपड्यांनिशी हाकलून दिलं. कुणी एका शब्दाने आडवं आलं नाही. जाताना ती म्हणाली, “मी नाही घेतलं.” मी तेवढी साक्षीदार होते, पण माझं तोंड फक्त झेलण्यासाठी घडवलेलं. तो दिवस आठवला की अजून माझ्या पितळेला हिरवं चढतं.

आबा गेले. विहीर बुजवून तिथे गाडी उभी करायची जागा झाली. मी माळ्यावर गेले. पुढे जुन्या वस्तूंना बरे दिवस आले तसं आबांच्या नातवाच्या बायकोने मला खाली काढलं, पॉलिश केलं आणि दिवाणखान्यात फुलं घालून ठेवलं. नातू म्हणजे काही लहान नव्हे, टक्कल पडलेला सेवानिवृत्त गृहस्थ. पाहुणे आले की तो माझ्याकडे बोट दाखवून ठरलेला विनोद करायचा, “झाकण होतं हो चांदीचं. मोलकरणीनं लांबवलं!” सगळे हसायचे. मला शिसारी यायची.

या नातवाची लेक शिकलेली, उत्साही. तिने घराण्याचा वंशवृक्ष काढायला घेतला. भिंतीएवढा फळा आणला, त्यावर चौकोन आखले. सगळ्यात वर आबा. मग तिने रक्ताची नाती शोधणारी तपासणी मागवली. त्यासाठी काय लागतं म्हणाल, तर थुंकी! बापाला तिने छोट्याशा नळीत थुंकायला लावलं. मी फुलांखालून बघत होते. म्हटलं, आता कसे वळणावर आलात!

निकाल आला. जवळच्या रक्ताची एक अनोळखी बाई सापडली होती. घरात आनंदीआनंद. आबांचे धाकटे भाऊ तरुणपणी बोटीवर नोकरीला गेले ते परतलेच नव्हते. “त्यांचीच नात असणार!” नातू म्हणाला. “परदेशात मोठं प्रस्थ असेल.” लेकीने फळ्यावर तिच्यासाठी खडूने एक चौकोनही आखला. बाईला चहाला बोलावलं, माझ्यात ताजी फुलं घातली.

पाहुणी आली. सत्तरीची, ताठ, बोटांवर सुई टोचल्याच्या खुणा. तिचं कपडे शिवायचं दुकान होतं. चहा झाला. नातू खुशीत होता आणि सवयीने त्याचं बोट माझ्याकडे वळलं. “ही आमच्या आबांची. झाकण होतं हो चांदीचं. मोलकरणीनं...”

“ती माझी आजी,” पाहुणी म्हणाली.

तिने कपबशी बाजूला सरकवली.

“माझे वडील तिच्या पोटचे. बापाचं नाव तिनं मरेपर्यंत सांगितलं नाही. या घराचं आणि झाकणाचं मात्र रोज सांगायची. मी घेतलं नाही, मी घेतलं नाही.”

नातवाचा चेहरा आंबला. आत्तापर्यंतची ‘ताई’ एका क्षणात परकी झाली. “मशीनची चूक असेल,” तो म्हणाला. “आणि तुम्हाला नक्की हवंय काय? घरात वाटा?”

“काही नको. माझी आजी चोर नव्हती, एवढं म्हणा. तुमच्या तोंडून ऐकायला आलेय.”

“तेव्हाचं आता कोण सांगणार? आबांवर असले शिंतोडे मी उडू देणार नाही.” मग लेकीकडे वळून, “पूस तो चौकोन.”

लेकीने बापाकडे पाहिलं, पाहुणीकडे पाहिलं. तिनेच खणून काढलेलं सत्य होतं ते. मला वाटलं, ही बोलेल. तिने फडकं उचललं आणि चौकोन पुसला. आबांची थुंकी मी वर्षानुवर्षं झेलली, पण इतकी किळस मला कधी आली नव्हती.

पाहुणी उठली. माझ्याजवळ आली. माझ्यातली फुलं एकेक करून काढून तिने टेबलावर नीट ठेवली. मग वाकून ती माझ्यात थुंकली.

“माझी आजी हे रोज घासायची,” ती म्हणाली. “आजचं तुम्ही घासा.”

आणि ती गेली.

त्यानंतर मला कुणी हात लावलेला नाही. उचलायलाही फडकं गुंडाळलं आणि मागच्या पायरीवर आणून ठेवलं. घरच्या कामवालीला सांगून पाहिलं, तर ती म्हणाली, “मी नाही बाई. घरच्यांनी घासायचं म्हणून सांगून गेल्यात त्या.” लेक दोनदा दारापर्यंत आली, हातात राख घेऊन. दोन्ही वेळा बापाची हाक आली आणि ती परत फिरली.

मी इथेच आहे. घरच्यांनो, झाकणही इथेच आहे, समोर, तुमच्या गाडीच्या चाकांखाली. खणलंत तर सापडेल, पण खणू नका हवं तर. माझं मागणं त्याहून लहान आहे. पोरी, परत आलीस तर राखेची घाई करू नकोस. आधी आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हण, ती चोर नव्हती. मग खुशाल घास मला. तोवर हे राहू दे माझ्यात. आजवर जे जे झेललं, त्यात ठेवून घ्यावंसं वाटलेलं हे एकच आहे.